पाच हजार नंबरचा पोर्ट कोणाचा?

ऑक्टोबर २०२१मध्ये ॲपलने मॅकसाठी ‘मॉन्टेरे’ ही नवी आवृत्ती आणली आणि पायथन शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या अनेकांची पंचाईत झाली. ‘फ्लास्क’ ही पायथनमधली वेबसाइट बनवायची सुटसुटीत चौकट. तिच्यात लिहिलेला प्रोग्राम चालवला की तो आपल्याच मशीनवर ५००० नंबरच्या पोर्टवर उभा राहतो आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ व ५००० असं टाकलं की दिसतो. मशीन अपडेट केल्यावर मात्र त्याच पत्त्यावर कोरं पान येऊ लागलं, वर ‘४०३, फॉरबिडन’ असा शेरा. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. उत्तरासोबत आलेली हेडरं उघडून पाहिली, तर ‘सर्व्हर’च्या पुढे भलतंच नाव होतं: ‘एअरट्यून्स’. ‘लोकलहोस्ट’ऐवजी १२७.०.०.१ हा आकड्यांचा पत्ता टाकला, की आपलाच प्रोग्राम शहाण्यासारखा समोर यायचा. काहींच्या मशीनवर तर फ्लास्क सुरूच होईना. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ एवढं सांगून तो बंद पडायचा.

कोणत्या प्रोसेसने कोणता पोर्ट धरलाय, हे मॅकवर ‘एलएसओएफ’ ही कमांड सांगते. तिला ५०००बद्दल विचारलं, तर ‘कंट्रोल सेंटर’ हे नाव अर्ध्यावर तोडलेल्या रूपात समोर आलं, कारण ही कमांड प्रोसेसच्या नावाची पहिली नऊच अक्षरं दाखवते. ती प्रोसेस किल केली, तर क्षणात पुन्हा हजर. उलगडा झाला तो असा: मॉन्टेरेपासून मॅकला आयफोनचा व्हिडिओ स्वतःच्या पडद्यावर घेता येऊ लागला होता. त्यासाठीचा ‘एअरप्ले रिसीव्हर’ ५००० आणि ७००० या पोर्टांवर कान लावून बसत होता. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची खूण काढली, की प्रश्न मिटायचा. पुढे फ्लास्कच्या खालचा सर्व्हर अडल्यावर स्वतःच सांगू लागला, की मॅकवर असाल तर एअरप्ले रिसीव्हर बंद करून पाहा.

मग ५००० नंबर खरा कोणाचा? फ्लास्क २०१० सालचा, म्हणजे एअरप्ले रिसीव्हरच्या आधीचा. पण त्याच्याही आधी, २००१मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीची ‘यूपीएनपी’ ही सेवा याच पोर्टवर बसायची. डॉकरच्या इमेजा साठवायची ‘रजिस्ट्री’सुद्धा मुळात ५०००वरच उभी राहते. पोर्टांच्या अधिकृत जागतिक नोंदवहीत मात्र ५०००समोर नाव आहे ‘कॉमप्लेक्स-मेन’. ज्यांचं भांडण चाललं होतं, त्यांच्यातला एकही जण कागदोपत्री मालक नव्हता.

डेव्हलपरच्या मशीनवर रोज होणारी ही मारामारी नव्या साधनांच्या गर्दीमुळे होते, असं वाटतं. गर्दीने ती वाढली हे खरं, पण तिचं मूळ चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन निर्णयांत आहे. ते दोन ठिकाणी, दोन वेगळ्या गरजांपोटी झाले आणि त्यांची एकमेकांशी सांगड कधी घातलीच गेली नाही.

यादीवाला माणूस

पहिला निर्णय ३० मे १९७२चा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलेलं ‘अर्पानेट’ तेव्हा बाल्यावस्थेत होतं. एका विद्यापीठातल्या संगणकावरून दुसऱ्या विद्यापीठातल्या संगणकाशी जोडायचं, तर मशीनचा पत्ता पुरत नसे. त्या मशीनवरच्या कोणत्या सेवेशी बोलायचंय, हेही सांगावं लागे. त्यासाठी ‘सॉकेट नंबर’ होते. पण कोणत्या सेवेला कोणता नंबर, हे जो तो आपापल्या सोयीने ठरवत होता. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन पोस्टेल या २८ वर्षांच्या तरुणाने आरएफसी ३४९ या छोट्याशा टिपणात सुचवलं, की हे नंबर वाटून देणारा एक ‘झार’ असावा. झार कोण, तर कंसात एकच शब्द आणि एक प्रश्नचिन्ह: मी?

कोणी हरकत घेतली नाही. त्या टिपणातच पहिली वाटणी होती: दूरच्या मशीनवर लॉगइन करायच्या टेलनेटला १, फाइल पाठवण्यासाठी ३, दूरस्थ कामं सोपवण्यासाठी ५, मग ‘एको’ला ७ आणि ‘डिस्कार्ड’ला ९. सगळे विषम नंबर. तेव्हाच्या ‘एनसीपी’ नियमावलीत एका जोडणीतून माहिती एकाच दिशेने जायची. दोघांना बोलायचं तर जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे लागोपाठचे दोन नंबर लागत. म्हणून सेवांमध्ये एकेक नंबर सोडलेला. १ जानेवारी १९८३ला अर्पानेट एनसीपी सोडून टीसीपी/आयपीवर गेलं. टीसीपीत एकाच जोडणीतून दोन्हीकडची वाहतूक होते, त्यामुळे मधले सम नंबर मोकळे पडले. एफटीपी २१, टेलनेट २३, ईमेलचं एसएमटीपी २५ ही विषम रांग मात्र आजही तशीच आहे. एको आणि डिस्कार्ड तर १९७२च्याच ७ आणि ९वर बसलेत.

टीसीपीच्या पाकिटावर या नंबरांसाठी, म्हणजेच पोर्टसाठी, १६ बिटांची जागा ठेवली गेली, म्हणजे ० ते ६५,५३५. तेव्हाच्या मूठभर सेवांना हा आकडा अवाढव्य वाटला असणार. पोस्टेल दर थोड्या काळाने ‘असाइन्ड नंबर्स’ नावाची यादी नव्याने काढत. पुढे त्यांच्या सहकारी जॉयस रेनल्ड्स हे काम सांभाळू लागल्या. छापील यादीची शेवटची आवृत्ती, आरएफसी १७००, ऑक्टोबर १९९४ची. त्यानंतर यादी ऑनलाइन गेली आणि ‘आयाना’ या नावाने चालणारी तीच नोंदवही आजही नव्या सेवांना नंबर देते.

या व्यवस्थेचा वेग आणि साधेपणा आज खरा वाटू नये असा होता. फिनलंडमधल्या टाटू युलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच लिहिलं. टेलनेट आणि एफटीपी या दोघांची जागा घ्यायची त्यांची इच्छा होती आणि २१ व २३ यांच्या मधला २२ रिकामा होता. त्यांनी १० जुलैला आयानाला मेल केली. दुसऱ्या दिवशी रेनल्ड्स यांचं उत्तर आलं, नंबर मिळाला. आज इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर ज्या पोर्टवरून चालवले जातात, त्याची वाटणी एवढ्यात झाली. हा २२ मोकळा राहिला होता, तोही एनसीपीच्या जुन्या सम-विषम हिशेबामुळेच.

ताब्याचा कायदा

दुसरा निर्णय बर्कलीचा. ऑगस्ट १९८३मध्ये तिथल्या विद्यापीठाने युनिक्सची ‘४.२ बीएसडी’ ही आवृत्ती काढली. प्रोग्रामला नेटवर्क कसं वापरता यावं, याची तिने घातलेली पद्धत आजही जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. प्रोग्राम एक सॉकेट उघडतो आणि ‘बाइंड’ या कॉलने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो, की मला अमुक पत्त्यावरचा अमुक पोर्ट हवा. पोर्ट मोकळा असेल, तर मिळतो. कोणी आधीच धरला असेल, तर कर्नल ठरावीक एरर देतो: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.

त्या एररचा नंबर बीएसडीत ४८ होता. मॅक बीएसडीच्या कुळातला, म्हणून मॅकवर तो आजही ४८ आहे. विंडोजसाठी ‘विनसॉक’ बनवताना बीएसडीच्याच नंबरांत दहा हजार मिळवले गेले, म्हणून विंडोजवर तो १००४८. लिनक्सने स्वतःचे नंबर घेतले, तिथे तो ९८. टर्मिनलवर यातला कोणता आकडा दिसतो, यावरून मशीन कोणत्या घराण्यातलं हे ओळखता येतं.

कर्नल पोस्टेलची यादी वाचत नाही, हा इथला कळीचा मुद्दा. ५४३२ हा पोर्ट पोस्टग्रेसच्या नावे नोंदलेला आहे म्हणून कर्नल तो दुसऱ्या कोणाला नाकारत नाही. जो आधी मागेल त्याचा. गावाकडची उपमा द्यायची तर सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, अशी ही स्थिती. फरक एवढाच की इथे ताबा सोडवायला कोणतंही कोर्ट नाही. आयानाची यादी म्हणजे सगळ्यांनी पाळायचा संकेत. त्यामागे सक्ती नाही आणि ती असावी असा पोस्टेल यांचाही आग्रह नव्हता.

बर्कलीने एकच सक्ती आणली. १०२४च्या खालचे पोर्ट फक्त ‘रूट’ला, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला. तेव्हा ‘आरलॉगिन’ आणि ‘आरएसएच’ या सेवा समोरच्या मशीनवर विश्वास ठेवून पासवर्डशिवाय आत घेत. खालच्या पोर्टवरून येणारी विनंती त्या मशीनच्या रूटकडूनच आलेली असणार, असा हिशेब होता. ज्याच्या टेबलावर स्वतःचा संगणक आहे तो स्वतःच रूट असतो, हे तेव्हा गृहीत नव्हतं. आरलॉगिन केव्हाच अडगळीत गेलं, पण त्याच्यासाठी घातलेली मर्यादा राहिली. डेव्हलपरच्या मशीनवरची बरीच भांडणं या मर्यादेच्या पोटी जन्मली आहेत.

८०८०चं कूळ

वेबला ८० मिळाला. जुलै १९९२च्या असाइन्ड नंबर्समध्ये त्याच्यासमोर वर्ल्ड वाइड वेबचं नाव आहे. पण ८० हा १०२४च्या खालचा. वेबसाइट लिहिणारा डेव्हलपर ती स्वतःच्या मशीनवर चालवून पाहणार, तर दर वेळी रूट होऊन चालवणं त्रासाचंही आणि धोक्याचंही. म्हणून मग ८०ला दोनदा लिहून झालेला ८०८०, किंवा शून्यं वाढवून झालेला ८०००. दोन्ही १०२४च्या वर, दोन्ही ८०ची आठवण देणारे. नोंदवहीत वेबच्या डेव्हलपमेंटसाठी खरं तर स्वतंत्र पोर्ट आहे: २७८४, नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेव्ह’. आज तो वापरणारा डेव्हलपर शोधूनही सापडणार नाही. २७८४ कोणाच्या लक्षात राहणार? ८०८० एकदा ऐकला की विसरत नाही.

डेव्हलपरच्या मशीनवरचे पोर्ट बहुतेक वेळा असेच ठरले, आठवायला सोपे म्हणून. आणि जो आकडा एकाला सोपा, तोच दुसऱ्यालाही.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने हा धडा ८०८०वरच घेतला. पुण्या-मुंबईच्या जावा क्लासमध्ये आणि इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये सर्व्हलेट आणि जेएसपी शिकवताना ‘टॉमकॅट’ हा सर्व्हर लागे आणि डेटाबेस म्हणून ओरॅकलची फुकट मिळणारी ‘एक्सप्रेस एडिशन’. टॉमकॅटचा नेहमीचा पोर्ट ८०८०. ओरॅकल एक्सप्रेसचं ब्राउझरमधून चालणारं पानही ८०८०वर. ओरॅकल विंडोजची सर्व्हिस म्हणून बसत असल्याने मशीन सुरू होताक्षणी तो पोर्ट धरी; टॉमकॅट विद्यार्थ्याने हाताने सुरू करायचा, म्हणजे त्याची पाळी नेहमी मागाहून. विद्यार्थी लोकलहोस्ट ८०८० उघडी, तर टॉमकॅटच्या पानाऐवजी पासवर्ड मागणारी खिडकी येई आणि तिच्यावर ‘एक्सडीबी’ असं नाव. हा कसला पासवर्ड, हे कोणालाच कळत नसे. पोर्ट धरून बसलेली प्रोसेस शोधली, तर तिचं नाव ओरॅकलच्या लिसनरचं निघे. उपाय दोन: टॉमकॅटच्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ फाइलमध्ये कनेक्टरच्या ओळीत ८०८०चा ८०८१ करायचा, किंवा एसक्यूएलमधून ओरॅकललाच दुसरा एचटीटीपी पोर्ट द्यायचा. बहुतेक जण पहिला पत्करत.

पीएचपीवाल्यांची कथा ८०वर घडली. विंडोजवर रूटची अट नाही, म्हणून २००२मध्ये आलेलं ‘झॅम्प’ आपला अपाचे सर्व्हर थेट ८०वर उभा करी. पण त्या काळचं स्काइप येणाऱ्या कॉलसाठी ८० आणि ४४३ हे पोर्ट पर्यायी म्हणून धरून ठेवी, कारण ऑफिसांच्या फायरवॉलमधून हेच दोन हमखास उघडे असतात. स्काइप आधी सुरू झालं, की अपाचे लाल दिव्यावर. स्काइपच्या प्रगत सेटिंगमधली एक खूण काढणं हा उपाय तेव्हा प्रोजेक्टच्या मोसमात तोंडोतोंडी पसरलेला. स्काइप नसतानाही ८० अडकलेला असेल, तर झॅम्प सांगे, की पोर्ट धरणाऱ्या प्रोसेसचा नंबर ४. हा ४ म्हणजे विंडोजचं स्वतःचं ‘सिस्टिम’. तो किल करता येत नाही. त्याच्या आडून ८० कोणी मागितला, ते शोधायचं. बहुधा आयआयएसची वेब सर्व्हिस किंवा एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिस निघे.

सोप्या आकड्यांचा बाजार

२००४मध्ये ‘रेल्स’ आलं ते ३००० पोर्ट घेऊन. २००५मध्ये ‘जँगो’ ८००० घेऊन. नोडच्या ‘एक्सप्रेस’ची बहुतेक उदाहरणं ३०००वर लिहिली गेली, रिॲक्टचा तयार सांगाडा ३०००वर आला, नेक्स्टही ३०००वर, आलेख दाखवणारं ग्राफानाही ३०००वर. नोंदवहीत ३००० जर्मनीतल्या घरबसल्या बँकिंगच्या एका प्रणालीच्या नावे आहे. अँग्युलरने ४२०० घेतला; तो १९९०च्या दशकातल्या व्हीआरएमएल या त्रिमिती वेबच्या नावे राखलेल्या ४२०० ते ४२९९ या पट्ट्यातला. यातल्या कोणाचीही जर्मन बँकांशी कुरबुर झाली नाही, कारण ते एका मशीनवर कधी येतच नाहीत. भांडण होतं ते एकाच डेव्हलपरच्या मशीनवर एकत्र राहणाऱ्यांत: एका खिडकीत रिॲक्टचं फ्रंटएंड, दुसरीत एक्सप्रेसचं बॅकएंड, तिसरीत ग्राफाना. आयानाच्या यादीचा हिशेब जगभरच्या मशीनांचा आहे. कोणत्या दोन साधनांची गाठ एकाच लॅपटॉपवर पडणार, हे तिला ठाऊक नसतं.

काहींनी मुद्दाम कोणाच्या डोक्यात न येणारा आकडा निवडला. रेडिसचा ६३७९ हा जुन्या फोनच्या बटणांवर ‘मर्झ’ हे नाव दाबलं की येतो. इटलीतल्या एका टीव्ही कलाकाराच्या आडनावावरून रेडिसचे जनक साल्वातोरे सान्फिलिप्पो आणि त्यांच्या मित्रांत चालणारी ती थट्टा होती. ‘वीट’ हे साधन आधी ३०००वरच चाले. जुलै २०२२च्या तिसऱ्या आवृत्तीत ते इतरांशी टक्कर टाळायला ५१७३वर गेलं. रोमन पाच म्हणजे व्ही, मग आय, टी आणि ई यांच्यासारखे दिसणारे १, ७, ३. म्हणजे त्या साधनाचंच नाव. आठवायला सोपा आणि तरी दुसरा कोणी घेणार नाही, अशी दोन्ही कामं करणारा आकडा सापडणं किती कठीण, हे या खटाटोपावरून कळतं.

पीएचपीतलं एक भांडण तर वर्षानुवर्षं चाललं. पीएचपी-एफपीएम ९०००वर, आणि कोडमधल्या चुका शोधायचा एक्सडीबग आपल्या एडिटरशी बोलतो तोही ९०००वर. दोन्ही पीएचपीवाल्यांच्याच मशीनवर आणि दोन्ही एकाच वेळी हवीत. अखेर नोव्हेंबर २०२०च्या तिसऱ्या आवृत्तीत एक्सडीबगने माघार घेऊन ९००३ धरला. मग जुनी ट्युटोरियलं वाचून ९००० लिहिणाऱ्यांचा डीबगर का थांबत नाही, हा नवा प्रश्न सुरू झाला. सवयी मोडण्याची किंमत ही अशी असते, म्हणून फार थोडी साधनं आपला पोर्ट बदलायला धजावतात.

पोर्ट कोणीच धरलेला नसताना

नेहमीच्या भांडणात निदान समोर कोणीतरी असतं. मॅकवर एलएसओएफ, लिनक्सवर ‘एसएस’, विंडोजवर ‘नेटस्टॅट’ला ए-एन-ओ ही अक्षरं जोडून विचारलं, की प्रोसेसचा नंबर मिळतो. बऱ्याचदा ती आपलीच असते: टर्मिनल बंद केलं, पण मागे नोड चालूच राहिलेला. अशा प्रोसेसला आधी साधा किल द्यावा. ‘किल वजा नऊ’ आवरून घ्यायची संधीच देत नाही, आणि डेटाबेसला तसं मारणं महागात पडू शकतं. आणि नाव ओळखीचं नसेल, तर मारण्याआधी ते कोण आहे हे पाहावं.

पण कधी सर्व्हर नुकताच बंद केलेला असतो, प्रोसेसही गेलेली असते आणि तरी कर्नल नकार देतो. जोडणी तोडल्यावरही तिचे वाटेत भटकणारे तुकडे नव्या जोडणीत घुसू नयेत म्हणून टीसीपी ती जोडणी काही काळ ‘टाइम-वेट’ या अवस्थेत ठेवतं. १९८१च्या मूळ नियमाप्रमाणे हा काळ चार मिनिटं. लिनक्समध्ये एक मिनिट. सर्व्हरने ‘रीयूज-ॲड्रेस’ हा पर्याय लावला असेल, तर थांबावं लागत नाही. चांगली साधनं तो लावतातच.

विंडोजवर तिसराच प्रकार आढळतो. एरर १००४८ऐवजी १००१३, म्हणजे ‘परवानगी नाही’, आणि नेटस्टॅटमध्ये त्या पोर्टवर चिटपाखरू नाही. हायपर-व्ही आणि त्याच्यावर चालणारी डब्ल्यूएसएल किंवा डॉकर यांच्यासाठी विंडोज पोर्टांचे पट्टे आधीच राखून ठेवतं. तात्पुरत्या वापराचे पोर्ट ४९१५२पासून पुढे असायला हवेत. पण ती सीमा काही कारणाने १०२४वर सरकलेली असेल, तर राखीव पट्टे ३००० किंवा ५००० गिळतात. ‘नेटश’ कमांडने राखीव पट्ट्यांची यादी पाहायची आणि सीमा परत ४९१५२वर नेऊन मशीन रीस्टार्ट करायचं, हा त्यावरचा उपाय.

मॉन्टेरेवर तर याहून बारीक खोच होती. कर्नल नुसता पोर्ट देत नाही, पत्ता आणि पोर्ट यांची जोडी देतो. १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६मधला ::१ हे दोन्ही ‘हेच मशीन’ असं म्हणणारे, पण कर्नलच्या लेखी वेगळे पत्ते. फ्लास्क पहिल्यावर बसलेला, एअरप्ले दोन्हींवर. ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की ब्राउझर आधी ::१वर जाई आणि त्याची गाठ एअरप्लेशी पडे. दोघांचं भांडण झालंच नव्हतं, एररही नव्हती. चुकीचा माणूस मात्र दार उघडत होता.

प्रत्येकाला स्वतंत्र ६५,५३६

मोठ्या कंपन्यांनी हा प्रश्न डेव्हलपरच्या टेबलापलीकडे पाहिला. गूगलच्या ‘बॉर्ग’ या व्यवस्थेत एका मशीनवरची सगळी कामं त्या मशीनचा एकच पत्ता वापरत. त्यामुळे मेमरी आणि प्रोसेसरसारखे पोर्टही मोजून वाटावे लागत. २०१५च्या शोधनिबंधात बॉर्गच्या लेखकांनी ही पद्धत त्रासाची ठरल्याचं मान्य केलं. त्यातूनच धडा घेऊन कुबरनेटिसने प्रत्येक ‘पॉड’ला स्वतःचा पत्ता दिला. डॉकरने २०१३मध्ये तेच घरगुती मशीनवर आणलं: लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमुळे प्रत्येक कंटेनरला त्याचे स्वतंत्र ६५,५३६ पोर्ट. दहा कंटेनरांत दहा पोस्टग्रेस, सगळे आपापल्या ५४३२वर, आणि कोणाची कोणाला अडचण नाही.

अडचण येते ती बाहेर पडताना. आतला ५४३२ मशीनच्या कोणत्या पोर्टला जोडायचा, हे लिहावं लागतं, आणि तिथे पुन्हा तेच: ‘पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड’. भांडण कंटेनरच्या आतून उंबरठ्यावर आलं, संपलं नाही. आतल्या प्रोग्रामांना एकमेकांचे नंबर कळायची गरज नव्हती, म्हणून आत शांतता झाली. उंबरठ्यावर मात्र ब्राउझर आहे, डेटाबेस पाहायचं साधन आहे, ज्याला पत्ता टाइप करायचाय तो माणूस आहे. त्यांना ठरलेला नंबर लागतो.

कर्नलला पोर्ट ० मागितला, तर तो स्वतःच कोणताही मोकळा पोर्ट देतो. टेस्टसाठी हेच उत्तम. टेस्ट स्वतःच विचारून घेते, की मला कोणता मिळाला. ज्युपिटर नोटबुक ८८८८ अडला, की गुपचूप ८८८९वर जातं. नेक्स्ट आणि वीट तसंच करतात. पण नंबर आपोआप सरकला, की त्यावर अवलंबून असलेल्यांची पंचाईत. पोर्ट हा वेबच्या ‘ओरिजिन’चा भाग आहे, म्हणून ३००० सोडून ३००१वर गेलेल्या फ्रंटएंडला बॅकएंड सीओआरएसच्या नावाखाली हाकलतं. कुकीज मात्र पोर्ट पाहत नाहीत, त्यामुळे ३०००वरच्या एका प्रोजेक्टमधलं लॉगइन ३००१वरच्या दुसऱ्याने पुसून टाकलेलं असतं. गूगलच्या लॉगइनसाठी परतीचा पत्ता म्हणून लोकलहोस्ट ३००० नोंदवलेला असेल, तर ३००१वरून गेलेली विनंती ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ म्हणून परत येते.

ऑक्टोबर २०१७चं आरएफसी ८२५२ इथेच वेगळा रस्ता घेतं. मशीनवर बसवलेल्या ॲपसाठीचे लॉगइनचे नियम त्यात आहेत. ॲप परतीचा पत्ता म्हणून १२७.०.०.१ देत असेल, तर लॉगइन सर्व्हरने पोर्ट कोणताही असो, चालवून घेतलाच पाहिजे, असं ते बजावतं. ॲपने कर्नलकडून हवा तो पोर्ट घ्यावा आणि कोणीही तो आधीपासून ठाऊक असण्याची अपेक्षा करू नये. सगळ्यांना ठाऊक असलेला नंबर हे ज्या व्यवस्थेचं मूळ तत्त्व होतं, तिच्याच एका नियमाने मशीनच्या आतल्या व्यवहारात ते तत्त्व सोडून दिलं.

आपल्या मशीनवरची भांडणं मिटवायचा मार्गही या दोन टोकांच्या मधून जातो. प्रोग्राम प्रोग्रामशी बोलतो तिथे नंबर ठरवूच नये; टेस्टना ० द्यावा, कंटेनरांना त्यांच्या आतल्या नेटवर्कवर नावाने बोलू द्यावं. माणूस किंवा ब्राउझर बोलतो तिथे नंबर पक्का ठेवावा, पण तो साधनाच्या सवयीवर न सोडता प्रोजेक्टच्या ‘ईएनव्ही’ फाइलमध्ये लिहावा आणि सगळ्या प्रोजेक्टांचे नंबर टीमने एका जागी नोंदवावेत: हे फ्रंटएंड ३१००, त्याचं बॅकएंड ३१०१, दुसऱ्या प्रोजेक्टसाठी ३२००चा पट्टा. आयाना हे काम करणार नाही आणि कर्नलला ते करता येत नाही. टीममधल्या कोणीतरी ती यादी ठेवायला हवी, आणि ‘मी ठेवू का?’ असं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.